प्रतिकाराचा धडा आणि तयार उत्तरे

'ज्ञानोदय' या नियतकालिकाने १८५५ साली १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांतून मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी होती आणि तिचे वय चौदाच्या आसपास होते. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमच्यापाशी धर्मपुस्तकच उरत नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित ठरतो; मग देवा, आमचा धर्म कोणता ते तरी आम्हांला कळव, असा तिचा युक्तिवाद आहे. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांविषयी ती लिहिते, इमारतींच्या पायात गाडल्या गेलेल्या माणसांविषयी लिहिते, आणि अखेरीस आपल्याच जातबांधवांना ज्ञानाचे औषध घ्यायला बजावते. मी कोण, माझ्या वाट्याला हे जिणे का आले आणि ते मी का सोसावे, हे तिन्ही प्रश्न एका शाळकरी मुलीने थोडक्या मजकुरात एका दमात विचारले आहेत.

आज ही मुक्ता आपल्या विद्यार्थ्यांना भेटलीच तर बहुधा स्पर्धा परीक्षेच्या एका ओळीत भेटते. निबंध कोणी लिहिला, कोणत्या साली, कोणत्या नियतकालिकात, एवढे पाठ केले की काम भागते. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत तिच्या नावामागे 'पहिली' हे विशेषण लागते आणि टाळ्या पडतात. तिचा निबंध मात्र फारसा कोणी वाचत नाही. वाचला तर अडचण होते, कारण त्यात गौरवगीताला न मानवणारा मजकूर आहे. पेशवाईत मांग-महारांचे जे हाल होत त्यांचे वर्णन करून ती इंग्रजांच्या राज्याबद्दल उघड समाधान व्यक्त करते. इतिहासाच्या तासाला परकीय सत्तेच्या जुलमाचा धडा शिकलेल्या नववीतल्या मुलाने हा निबंध मराठीच्या तासाला वाचला, तर तो गोंधळल्याशिवाय राहणार नाही. एक पुस्तक ज्या राज्याला गुलामगिरी म्हणते, त्याच राज्यात ही मुलगी सुटकेचा श्वास कसा घेते? त्या दोघांपैकी कोणी तरी चुकते आहे, की राज्य एकच असूनही ते प्रत्येकाला वेगळे भेटले? शिकवण्याची खरी वेळ इथे येते, आणि नेमके इथेच आपण घाईने पान उलटतो.

ओळख आणि प्रतिकार हे विषय वाचनातून आणि चर्चेतून शिकवता येतात, याबद्दल मला शंका नाही. माझा आक्षेप आहे तो त्यांना पूज्य वस्तूप्रमाणे देव्हाऱ्यात ठेवून शिकवण्याला. प्रतिकाराचे साहित्य वाचताना त्या साहित्याशी, त्याच्या लेखकाशी आणि ते शिकवणाऱ्या शिक्षकाशीही मतभेद दाखवण्याची मुभा विद्यार्थ्याला नसेल, तर त्या तासाला आज्ञाधारकपणाच शिकवला जातो; फक्त आज्ञा देणाऱ्याचे नाव बदललेले असते.

आपल्या शाळांत याची सोय कशी झाली आहे ते पाहायला फार लांब जावे लागत नाही. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' मागणाऱ्या कृती असतात. मुलाने उतारा किंवा कविता वाचावी, विचार करावा आणि स्वतःला काय वाटले ते चार-सहा ओळींत लिहावे, हा त्यामागचा हेतू उत्तम आहे. घोकंपट्टीला शह देण्यासाठीच ही रचना आली. पण बाजारातले कोणतेही गाईड उघडावे, त्यात स्वमताचीही उत्तरे छापलेली असतात. मुले ती पाठ करतात, शिकवण्यांमध्ये ती घोटून घेतली जातात, आणि 'कवीने समाजातील विषमतेवर प्रखर भाष्य केले आहे' हे वाक्य हजारो उत्तरपत्रिकांत जवळजवळ त्याच शब्दांत उमटते. विद्रोही कवितेवरचे स्वतःचे मत दुसऱ्याने लिहून दिलेले आणि आपण पाठ केलेले असावे, ही गोष्ट कोणाला खटकत नाही, कारण गुण मिळतात. यात दोष केवळ मुलांचा किंवा शिक्षकांचाही नाही. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, वरून निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, आणि उत्तरसूचीबाहेरच्या उत्तराला गुण द्यावेत की नाही अशा संभ्रमात पेपर तपासणारा परीक्षक, अशा व्यवस्थेत तयार उत्तर हाच सर्वांना सुरक्षित मार्ग वाटतो.

मग वाचन आणि चर्चा म्हणजे नेमके काय करायचे? सिद्धान्त सांगण्यापेक्षा एक उतारा घेऊन बोलू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आठवणींचे छोटे लेखन आहे; कोलंबिया विद्यापीठात ते पाठ्यसाहित्य म्हणून वापरले गेले आहे. त्यातला पहिलाच प्रसंग १९०१ सालचा आहे. सातारा जिल्ह्यात नोकरीनिमित्त राहणाऱ्या वडिलांना भेटायला लहानगा भीमराव भावंडांबरोबर रेल्वेने निघतो. प्रवासासाठी मुलांना नवे कपडे केलेले आहेत: इंग्रजी पद्धतीचे सदरे, चमकदार टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनवर उतरल्यावर न्यायला कोणीच आलेले नसते. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो, कारण कपड्यांवरून आणि बोलण्यावरून ही ब्राह्मणांची मुले आहेत असे त्याला वाटते. तुम्ही कोण, असे तो विचारतो आणि मुलगा फारसा विचार न करता आपण महार आहोत असे सांगून टाकतो. त्यासरशी स्टेशनमास्तरचा चेहरा पालटतो. तो आत निघून जातो. बऱ्याच वेळाने बाहेर येतो तेव्हा भाड्याने मिळणाऱ्या बैलगाड्यांचे गाडीवान या मुलांना न्यायला तयार नसतात. शेवटी तोडगा निघतो तो असा, की मुलांनी दुप्पट भाडे द्यावे, गाडी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे. पुढे वाटेत नाक्यावर पाणी मागायची वेळ येते, तेव्हा आपण मुसलमान आहोत असे सांगा, असा सल्ला मुलांना मिळतो. मुलगा तसे सांगतो, उर्दूत बोलतो, तरीही पाणी मिळत नाही.

हा उतारा वर्गात वाचून झाल्यावर शिक्षकाने 'यातून अस्पृश्यतेच्या दाहकतेचे दर्शन घडते' असे वाक्य फळ्यावर लिहिले, तर तास तिथेच संपला. याउलट मजकुराला चिकटून साधे प्रश्न विचारले तर त्यातून बरेच काही निघते. चेहरा पालटण्यापूर्वी आणि पालटल्यानंतर स्टेशनमास्तरसमोर उभी असलेली मुले तीच होती. मग मधल्या क्षणात बदलले काय? मुलांना 'तुम्ही कोण' हे विचारले गेले, स्टेशनमास्तरला ते कोणी विचारले नाही. ओळख सांगण्याची सक्ती कोणावर होते आणि कोणाला त्यातून आपोआप सूट मिळते? ज्या माणसाला किळस आली, तोच माणूस नंतर बैलगाडीचा तोडगा काढायला मदत करतो. त्याला वाईट म्हणायचे की चांगला? गाडीवान दुप्पट पैसे घेतो आणि स्वतःच्या गाडीबरोबर पायी चालतो, म्हणजे जात पाळण्याचा त्रास तो स्वतःही सोसतो. तो त्याला त्रास वाटत असेल का? नाक्यावर मुसलमान असल्याचे सांगणे हे खोटे बोलणे झाले, शहाणपण झाले की प्रतिकार झाला? आणि नव्या कपड्यांचे काय? ते घातल्यामुळे मुलांना काही काळ वेगळी वागणूक मिळाली, ती फसवणूक कोणी कोणाची केली?

या प्रश्नांची उत्तरे गाईडमध्ये सापडणार नाहीत, कारण त्यांना एकच उत्तर नाही. पण ती हवेतलीही नाहीत. प्रत्येक उत्तरासाठी विद्यार्थ्याला उताऱ्यातल्या कुठल्या तरी वाक्यावर बोट ठेवावे लागते, आणि त्याच्याशी न पटणाऱ्या विद्यार्थ्यालाही तेच करावे लागते. चर्चा आणि नुसता गलका यांत फरक पडतो तो या शिस्तीने. 'मला असे वाटते' एवढ्यावर कोणाला सोडायचे नाही. 'तुला असे कशावरून वाटते' हा प्रश्न गोड बोलून पण न चुकता विचारायचा. ही शिस्त शिक्षकालाही लागू असते, ही त्यातली अवघड बाजू. आपल्या लाडक्या निष्कर्षाला मजकुरात आधार नाही असे एखाद्या विद्यार्थिनीने दाखवून दिले, तर शिक्षकाने ते मान्य करायला हवे. सत्तेला प्रश्न विचारल्यावर सत्ता काय करते याचा मुलांना मिळणारा पहिला प्रत्यक्ष अनुभव बहुतेक वेळा हाच असतो, आणि तो क्रमिक पुस्तकातल्या कोणत्याही धड्यापेक्षा खोल उतरतो.

ओळखीच्या चर्चेत आणखी एक धोका असतो आणि तो सद्हेतूने वागणाऱ्या शिक्षकांकडूनच अधिक होतो. असा उतारा वाचून झाला की वर्गातल्या एखाद्या मुलाकडे सगळ्यांच्या नजरा वळतात. त्याचे आडनाव हजेरीत रोज ऐकलेले असते. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना अमुक प्रवर्गाच्या मुलांनी उभे राहा, असे सांगण्याचा प्रकार अनेकांनी आपल्या शाळेत पाहिलेला असतो, त्यामुळे कोण कोण आहे हे वर्गाला ठाऊकच असते. मग शिक्षक मायेने म्हणतात, 'तुझा काय अनुभव आहे, सांग ना वर्गाला.' मसूरच्या स्टेशनवर विचारला गेलेला प्रश्न इथे वेगळ्या आवाजात पुन्हा विचारला जातो, हे त्यांच्या लक्षातही येत नाही. त्या मुलाने आपले दुःख वर्गापुढे मांडून इतरांच्या संवेदना जाग्या कराव्यात, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार शिक्षकाला कोणी दिला? त्याला सांगायचे असेल तर तो सांगेल, त्याला हवे तेव्हा आणि त्याच्या शब्दांत. नसेल सांगायचे तर त्याला त्या तासाला गाडीवानाविषयी बोलण्याचा, विनोद करण्याचा, किंवा या विषयात आपल्याला रस नाही असे म्हणण्याचाही तितकाच हक्क आहे. मजकूर मध्ये ठेवून बोलण्याचा मोठा फायदा हाच, की कोणालाही स्वतःला मध्ये ठेवावे लागत नाही.

दुसऱ्या टोकाला ज्या मुलांना 'हा आपला विषय नाही' असे वाटते, त्यांचे काय करायचे? त्यांना अपराधी वाटायला लावणे हा सोपा आणि निरुपयोगी मार्ग आहे. अपराधी वाटलेला मुलगा एक तर गप्प बसतो किंवा घरी जाऊन चिडतो. त्यापेक्षा त्याला स्टेशनमास्तरच्या जागेवर उभे करून विचार करायला सांगणे कितीतरी फलदायी असते. मदत करायची इच्छा असलेला, पण शिकवलेली किळस टाकता न आलेला माणूस आतून कसा असतो? गाडीवानांना तो काय म्हणू शकला असता आणि का म्हणाला नाही? ओळख फक्त अत्याचार सोसणाऱ्याला असते आणि बाकीचे सगळे नुसतीच 'माणसे' असतात, हा समज असा विचार करताना हळूहळू सुटतो. माझ्या मते ओळखीविषयीच्या शिक्षणात याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट नाही.

असे शिक्षण केवळ कल्पनेत शक्य आहे असे नाही. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात १९६४ च्या उन्हाळ्यात नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्यांनी 'फ्रीडम स्कूल्स' चालवल्या. चर्चच्या तळघरांत, घरांच्या ओसरीवर, झाडाखाली अशा चाळीसहून अधिक शाळा भरल्या आणि दोन हजारांहून अधिक कृष्णवर्णीय विद्यार्थी त्यांत आले. नेहमीच्या शाळेत प्रश्न विचारणे हाच गुन्हा मानला जात असल्यामुळे इथे अभ्यासक्रमच प्रश्नांभोवती रचला होता. त्यातले तीन प्रश्न पुढे प्रसिद्ध झाले. बहुसंख्याकांच्या संस्कृतीत असे काय आहे, जे आपल्याला हवे आहे? त्यांच्यापाशी असे काय आहे, जे आपल्याला नको आहे? आणि आपल्यापाशी असे काय आहे, जे आपल्याला टिकवायचे आहे? या प्रश्नांची मांडणी पाहण्यासारखी आहे. त्यांत समोरच्याला संपूर्ण नाकारलेले नाही आणि स्वतःला संपूर्ण गौरवलेलेही नाही. 'टिकवायचे काय' असे विचारले की 'टाकायचे काय' हा चौथा प्रश्न न विचारता मागोमाग येतो, आणि तो स्वतःच्या समाजालाच विचारावा लागतो.

तो चौथा प्रश्न मराठीत धीटपणे विचारला तो बेबी कांबळे यांनी. 'जिणं आमुचं' या आत्मकथनात महारवाड्याच्या बाहेरून होणाऱ्या छळाबरोबरच महारवाड्याच्या आत सासुरवाशिणींचा जो छळ होई त्याचेही वर्णन आहे. हे लेखन त्यांनी वर्षानुवर्षे घरात लपवून ठेवले होते, असे त्यांनीच सांगितले आहे. जातीविरुद्ध लढणाऱ्या समाजातील बाईला घरातल्या पुरुषापासून आपली वही लपवावी लागते, ही गोष्ट वर्गात आली की ओळख ही एकेरी गोष्ट आहे हा समज टिकत नाही. याच मार्गाने ताराबाई शिंदे यांच्यापर्यंत जाता येते. १८८२ साली बुलढाण्याच्या या बाईने 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली, तीही सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून बायकांवर उठलेली झोड पाहून. ताराबाईंची भाषा शिवराळपणाच्या सीमेपर्यंत जाते. एवढ्या रागाने लिहिल्यामुळे त्यांचा मुद्दा कमकुवत होतो की बळकट, यावर मुलांचे दोन तट पडतील, पडू द्यावेत.

आता आक्षेप. असे शिक्षण मुलांच्या मनात द्वेष पेरते, जुन्या जखमा उकरते, हा सर्वांत जुना आणि सर्वत्र घेतला जाणारा आक्षेप आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने २०१० साली तर त्यासाठी कायदाच केला. एखाद्या वंशाविषयी किंवा वर्गाविषयी राग निर्माण करणारे अभ्यासक्रम शाळांत चालवू नयेत, असा त्याचा आशय होता. त्या कायद्याच्या धाकाने टुसान शहरातील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाचा कार्यक्रम जानेवारी २०१२ मध्ये बंद झाला आणि काही पुस्तके वर्गांतून उचलून नेण्यात आली. २०१७ साली संघीय न्यायालयाने हा कायदा ज्या प्रकारे केला आणि राबवला त्यामागे वंशविद्वेषाची प्रेरणा होती असा निष्कर्ष काढला. द्वेष रोखण्यासाठी म्हणून जे केले तेच द्वेषातून केले होते, असे न्यायालयाला आढळले.

तरीही हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. वाचनाने त्रास होतो, हे खरेच आहे. फ्रेडरिक डग्लस या गुलामीतून निसटलेल्या आणि पुढे मोठा वक्ता झालेल्या माणसाने १८४५ च्या आत्मचरित्रात ते स्वच्छ सांगितले आहे. मालकीण त्याला मुळाक्षरे शिकवू लागली तेव्हा मालकाने तिला थांबवले. वाचायला शिकला की हा गुलाम म्हणून निरुपयोगी होईल, असे त्याचे म्हणणे होते. डग्लसने ते ऐकले आणि वाचन हाच सुटकेचा मार्ग आहे हे ताडले. पुढे त्याच्या हाती भाषणांचा एक संग्रह लागला. त्यात मालक आणि गुलाम यांचा संवाद होता आणि गुलाम आपल्या युक्तिवादाने मालकाला निरुत्तर करतो. पण याच वाचनानंतर आपल्याला कधीकधी वाचता येणे हा शाप वाटे, असेही तो लिहितो, कारण आपली अवस्था पूर्ण कळली होती आणि तीतून बाहेर पडण्याची वाट दिसत नव्हती. मालकाचे भाकीत अक्षरशः खरे ठरले होते. तेव्हा अशा वाचनाने राग येणार, दुःख होणार. तो राग मुळात अन्यायाचा आहे. वाचनाने त्याला शब्द मिळतात. शब्द न मिळालेला राग शाळेच्या बाहेर, झुंडीत आणि मोबाईलच्या पडद्यावर, फार वेगळी आणि फार धोकादायक भाषा शिकतो. वर्गात निदान त्याला 'कशावरून' असे कोणी तरी विचारते.

दुसरी अडचण अशा शिक्षणाला विरोध करणाऱ्यांची नाही; ती प्रतिकाराचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच निर्माण केलेली आहे. मे २०१२ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातील एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. व्यंगचित्रकार शंकर यांचे ते चित्र १९४९ सालचे होते: राज्यघटना ही गोगलगाय, तिच्यावर बसलेले आंबेडकर, आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आलेल्या या पुस्तकांनी मुलांना प्रश्न विचारायला लावण्याचा प्रयत्न केला होता आणि व्यंगचित्रे त्याचाच भाग होती. व्यंगचित्र काढून टाकण्याची घोषणा झाली, योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर या दोघा सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली.

मोडतोडीचे समर्थन कोणीही विवेकी माणूस करणार नाही, आणि व्यंगचित्र काढणे ही चूक होती असेच माझे मत आहे. पण ज्यांना ते चित्र टोचले ते सगळे अडाणी होते, असे समजणेही तितकेच चुकीचे ठरेल. चाबूक उगारलेला माणूस आणि त्याच्या पुढे बसलेला दलित नेता, हे चित्र १९४९ च्या वाचकाला संथ कामकाजावरची टीका म्हणून दिसले असेल. ज्याच्या आजोबांनी खरोखरच आसूड सोसला, त्या मुलाला अकरावीच्या वर्गात ते तसेच दिसेल का? पुस्तक तयार करणाऱ्यांनी हा प्रश्न चित्राखालीच छापला असता तर चित्राचे शैक्षणिक मोल दुप्पट झाले असते. आणि विरोध करणाऱ्यांनी तो प्रश्न वर्गात विचारू दिला असता तर आंबेडकरांच्या कीर्तीला धक्का लागण्याचे काहीच कारण नव्हते. ज्या माणसाने आयुष्यभर ग्रंथप्रामाण्याशी झुंज दिली, त्याच्याविषयीचे चित्र चर्चेला घेण्याऐवजी झाकून ठेवावे लागते, हा देव्हारा करण्याच्या वृत्तीचा थेट परिणाम आहे. पुढे २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठाने इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून महाश्वेता देवींची 'द्रौपदी' ही कथा आणि बामा, सुकीर्थारानी या दलित लेखिकांचे साहित्य वगळले, तेव्हा कारणे वेगळी होती. पण मजकूर वर्गात येऊच नये हा इलाज तोच होता.

शिक्षकाने तटस्थ राहावे असे म्हटले जाते, त्याबद्दल थोडक्यात. जात वाईट की चांगली, बाईला माणूस मानावे की नाही, या प्रश्नांवर शिक्षकाने तटस्थ राहण्याची गरज नाही; राज्यघटनेने ते निकालात काढले आहेत. पण मुक्ताचे इंग्रजांविषयीचे मत बरोबर होते का, ताराबाईंचा राग परिणामकारक आहे का, नाक्यावर खोटे बोलणे योग्य होते का, या प्रश्नांवर शिक्षकाने आपले मत शेवटी सांगावे, आधी नव्हे. आधी सांगितले की वर्गातली निम्मी मुले तेच मत लिहून घेतात.

या सगळ्याची एक परिणती शाळांना गैरसोयीची असते आणि ती टाळता येत नाही. आंबेडकरांच्या त्याच आठवणींतल्या, शाळेत पाणी पिण्यासाठी नळ उघडून द्यायला शिपायाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याविषयी मुलांनी नीट वाचले, त्यावर बोलली, की ती आपल्या शाळेकडे पाहू लागतात. शिक्षकांच्या खोलीतला माठ वेगळा का? वर्ग झाडण्याची पाळी ठरावीक मुलींवरच का येते? प्रमाण भाषेत न बोलणाऱ्या मुलाचे उच्चार ऐकून वर्ग हसतो तेव्हा बाई काही बोलत का नाहीत? अशा वेळी 'ते पुस्तकातले झाले, हे वेगळे' असे उत्तर मिळाले तर मुले त्याचा योग्य तो अर्थ काढतात: प्रतिकार ही दुसऱ्यांनी, दुसऱ्या काळात, दुसऱ्या ठिकाणी करायची गोष्ट आहे. मुख्याध्यापकांनी प्रत्येक मागणी मान्य केलीच पाहिजे असे नाही. मागणी ऐकून घ्यावी, कारणे द्यावीत, आणि कारणे पटली नाहीत तर मुलांना तसे म्हणू द्यावे, एवढे पुरे.

व्यवस्थेत काय बदलता येईल, तर सुरुवात लहान ठेवावी. क्रमिक पुस्तकात आणखी एक महापुरुष घालण्याने काही साधणार नाही. त्या पुस्तकांत आधीच गर्दी आहे. त्याऐवजी नववी-दहावीच्या मराठीत दरवर्षी एकच मजकूर असा ठेवावा, ज्यावर लेखी परीक्षेत प्रश्न येणार नाही. तो सहा-सात पानांचा असावा, संक्षिप्त केलेला किंवा सोवळा केलेला नसावा, आणि त्यात मुक्ताच्या निबंधासारखी एखादी न पचणारी गोष्ट असावी. भाषा विषयांच्या अंतर्गत मूल्यमापनाचे जे २० गुण सध्या सढळ हाताने वाटले जातात असा सार्वत्रिक समज आहे, त्यांतले काही या चर्चेसाठी ठेवावेत. गुण मताला देऊ नयेत. विद्यार्थ्याने मजकुरातला आधार दाखवला का, दुसऱ्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडून मग खोडले का, आणि ज्याचे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नाही असा एखादा प्रश्न विचारला का, एवढ्याच गोष्टी पाहाव्यात. साठ-सत्तर जणांच्या वर्गात हे एका तासात जमणार नाही, म्हणून वर्गाचे चार गट करून महिनाभर आठवड्याला एक तासिका द्यावी. तेवढ्यासाठी एखादा धडा कमी करावा लागला तर करावा. यातही गाईडवाले शिरतील आणि 'शिक्षकालाही ठाऊक नसलेले प्रश्न' छापून विकतील, ही शक्यता मी धरून चाललो आहे. पण ते प्रश्न वर्गात मोठ्याने विचारावे लागतील आणि पुढच्या बाकावरची मुलगी 'कशावरून?' असे म्हणेल, तेव्हा छापील पानाचा तिथे फारसा उपयोग होणार नाही.